शुगर ग्लायडरच्या जोडीसाठी लव्हबर्ड्सचा पिंजरा चालेल का?

शाहूपुरीकर (सातारा)

नमस्कार मंडळी. धाकट्या बहिणीनं वर्षभर डोकं खाल्लं आणि शेवटी घरात शुगर ग्लायडर, म्हणजे ऑस्ट्रेलियाकडचा तो तळहाताएवढा, झाडाझाडांवरून तरंगत जाणारा प्राणी, आणायचं ठरलं. एक विक्रेता नर-मादीची जोडी देतोय आणि वर "पिंजरा फ्री" म्हणतोय. त्यानं फोटो पाठवलाय. दीड बाय दीड फूट, उंची दोन फूट, चांदीसारखी चकचकीत जाळी, वर उचलायला कडी. आत एक लाकडी दांडी आणि हॅमस्टरला असतं तसलं गजांचं चाक. मला तरी तो लव्हबर्ड्सचाच पिंजरा वाटतोय, पण तो म्हणतो सगळे हाच नेतात.

आमचं घर दुसऱ्या मजल्यावर आहे. बाल्कनी मोठी आहे, पण थंडीत तिथं वारं झोंबतं. आईनं आधीच बजावलंय, रात्री खुडबूड झाली तर तुम्हा दोघांना प्राण्यांसकट गच्चीवर पाठवीन. तर हा पिंजरा घ्यावा, मोठा विकत घ्यावा, की इथंच कुणाकडून बनवून घ्यावा? जाळीची फट किती असावी? आणि बाल्कनीत ठेवला तर चालेल का?

बाळू_कोरेगाव

फुकट मिळतोय तर घ्या की राव. आमच्या लव्हबर्ड्सना सेम तोच आहे, अजून टकाटक. प्राणी तळहाताएवढा, त्याला बंगला कशाला?

गावभागातली (सांगली)

शाहूपुरीकर, तो पिंजरा घेऊ नका. फ्री असला तरी नको. बाळूदादा, तुमच्या पाखरांना तो बरोबर आहे, त्याबद्दल काही म्हणणं नाही. पण पाखरू दांडीवर बसतं आणि खाली घाण करतं. ग्लायडर जाळीवर, छताला उलटा, चाकात, पिशवीत, कुठंही असतो आणि जिथं असतो तिथंच मुततो. सगळा घोळ तिथूनच सुरू होतो.

ती चकचकीत जाळी म्हणजे जीआय, जस्ताचा मुलामा दिलेली. लघवी लागून लागून तो मुलामा पांढरा पडतो आणि पिठूळ होऊन सुटायला लागतो. हे प्राणी जाळी चाटतात, दातांनी कुरतडतात. जस्त पोटात गेलं की आजारपण आलंच.

आमच्या ह्यांचं कुपवाड एमआयडीसीत फॅब्रिकेशनचं लहानसं शेड आहे. त्यामुळं माझा पिंजरा घरचाच आणि ह्या विषयावर मी जरा जास्तच बोलते, सांभाळून घ्या. तुम्हीही बनवूनच घ्या. साताऱ्यात एमआयडीसी आहे, ग्रिलवाले आहेत, काम अवघड नाही. फक्त काय सांगायचं ते पक्कं हवं.

फ्रेम एक इंची चौकोनी पाइपची. तिच्यावर काळी वेल्डमेश, म्हणजे जस्त न चढवलेली साधी लोखंडी जाळी. "काळी" हा शब्द वापरून मागा, नाहीतर दुकानदार सवयीनं जीआयच बांधून देतो. खाना अर्धा बाय एक इंच. अर्ध्या इंचाहून रुंद फट अजिबात नको, डोकं गेलं की मागून सगळं अंग जातं. पिल्लं झाली तर विचारूच नका. सगळं वेल्डिंग, ग्राइंडिंग झालं की शेवटी पावडर कोटिंग, म्हणजे रंगाची पूड फवारून भट्टीत भाजून चढवलेला थर. क्रम हाच. काही जण आधीच कोटिंग केलेली जाळी आणतात आणि तिला वेल्ड मारतात, मग जिथं टाका मारला तिथलं कोटिंग जळतं आणि गंज बरोबर तिथूनच धरतो. कुणी म्हणेल, जीआयवरच कोटिंग मारून देतो, एकच की! एकच नाही. कोटिंगची भट्टी दोनशे डिग्रीच्या आसपास असते. तेवढी तापली की जस्ताच्या थरातून हवा फुटते आणि वरच्या रंगाला टाचणीच्या टोकाएवढी भोकं पडतात. दिसायला गुळगुळीत, पण लघवी आत शिरायला तेवढी पुरतात. खर्चाची तयारी असेल तर सरळ 304 स्टेनलेसची जाळी लावा, रंगाची भानगडच नाही. मात्र डब्यातला ऑइलपेंट किंवा स्प्रे मारून घेऊ नका, तो कुरतडून पोटात जातो.

कोटिंगवाले एक नग घ्यायला कुरकुरतात. त्यांचा दुसरा लॉट लागणार असेल तेव्हा त्यात टाकून घ्या आणि जो रंग चालू असेल तो मुकाट घ्या. पर्याय असेल तर काळा. पांढऱ्या जाळीमागचं नीट दिसत नाही, डोळ्यांना जाळीच दिसत राहते.

माप. जोडीला कमीत कमी 2 फूट बाय 2 फूट आणि उंची 3 फूट, असं सगळीकडं सांगतात. ते कमीत कमी आहे हे लक्षात ठेवा. हा झाडावरचा प्राणी. रानात ढोलीत राहतो, अंगाच्या दोन्ही बाजूंचं कातडं ताणून एका झाडावरून दुसऱ्यावर तरंगत जातो, 50 मीटरपर्यंतसुद्धा. घाबरला की वर पळतो. म्हणून जागा कमी असेल तर रुंदी कापा, उंची कापू नका. माझा अडीच फूट रुंद, दोन फूट खोल आणि पाच फूट उंच आहे. खोली दोन फुटांच्या वर नेऊ नका, मागच्या कोपऱ्यात आपला हात पोचला पाहिजे. तिथंच ते खाण्याचा चोथा थुंकतात.

दारं दोन. एक मोठं, ज्यातून चाक आणि फांद्या आत-बाहेर होतील, आणि एक वरच्या बाजूला लहान, रोजच्या वाट्यांसाठी. वर सरकणारं दार नको, ही मंडळी ते उचलतात. बिजागरीचं दार आणि स्प्रिंगची कडी. तळाशी जाळी, तिच्या खाली ओढून काढायचा ट्रे. ट्रेमध्ये साधा वर्तमानपत्राचा कागद. पाइन किंवा देवदाराचा भुसा घालू नका, त्याचा वास त्यांच्या छातीला बरा नाही.

आणखी एक, हे सांगलीकर म्हणून सांगते. माझा पिंजरा दोन भागांत आहे, मधे नटबोल्ट. 2019 च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णा 57 फुटांवर गेली तेव्हा आमच्या गल्लीतल्या लोकांनी काय काय कसं वर नेलं ते बघितलंय. आमच्या जुन्या वाड्याच्या जिन्यातून पाच फुटी अखंड पिंजरा वळतच नाही. तुमच्याकडं पुराचा प्रश्न नाही, पण घर बदलणं, रंगकाम, काहीतरी निघतंच. दोन भाग करून घ्या आणि खाली चाकं लावा.

आता आतलं सामान. ते गजांचं चाक पहिल्यांदा काढून टाका. मधे आडवा दांडा असलेल्या चाकात शेपटी गुंडाळली जाते, गजांत पाय अडकतो. पळायची पट्टी सलग हवी, मधे दांडा नको, आणि व्यास दहा-अकरा इंच तरी हवा. झोपायला फ्लीसची पिशवी, पिंजऱ्यात सगळ्यात वर टांगायची. घरी शिवणार असाल तर शिवण दोन कापडांच्या मधे लपली पाहिजे. आणि इथं आपल्या आज्या-आयांचा हात आवरायला लागतो. "वाकळंचा तुकडा घाल की, ऊब बघ कसली असते." वाकळ नको, गोधडी नको, जुना स्वेटर नको, टर्किशचा टॉवेल नको. धावदोऱ्याचा एक टाका सुटला की तो नखात अडकतो, पायाच्या बोटाभोवती आवळतो आणि रक्त थांबून बोट काळं पडतं. आमच्या सासूबाईंनी शिवलेली सुंदर लहानशी वाकळ मी पिंजऱ्यावर बाहेरून टाकते, दिवसा अंधार होतो. त्याही खूश.

पिशव्यांचे दोन जोड ठेवा. पिंजरा आणि पिशवी एकाच दिवशी धुऊ नका. नराच्या डोक्यावर एक टकलू ठिपका असतो, ती वासाची ग्रंथी. सगळा वास एकदम धुऊन काढला तर तो रात्रभर पुन्हा चोळत बसतो आणि सकाळी घरात आधीपेक्षा जास्त वास. आज पिशवी, चार दिवसांनी जाळी, असं चालवायचं.

फांद्या पेरूच्या, निलगिरीच्या, बाभळीच्या, फवारणी न झालेल्या. घासून धुऊन कडक उन्हात वाळवायच्या. कण्हेर आणि रुई अजिबात नको, विषारी आहेत. तासगाव भागातलं कुणी वाचत असेल तर द्राक्षबागेच्या छाटणीची काडी घेऊ नका, तिच्यावर हंगामभर किती औषधं मारलेली असतात ते तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं माहीत.

वाट्या वरच्या बाजूला लावा, आणि गोड खाणं म्हटलं की मुंग्या आल्याच. पिंजऱ्याच्या चाकांखाली पाण्याच्या बशा ठेवा, लक्ष्मणरेषा मारू नका.

बाल्कनी नको. वारं, ऊन, मांजर, आणि गल्लीत धुराची गाडी आली की तो धूर सगळा आत. हॉलचा एखादा कोपरा, भिंतीला लागून, खिडकीसमोर नाही. टीव्हीशेजारी नको. ज्या खोलीत रात्री मच्छरची कॉइल किंवा उदबत्ती लागते ती नको. आईंच्या झोपेच्या भिंतीला तर अजिबात लावू नका. रात्री दोनला चाक फिरतं, आणि कधीकधी ते भुंकतात. खरंच भुंकतात, एकसारखं, बराच वेळ.

गुरांचा_डॉक्टर (कराड)

ताईंनी जाळीचं काम चोख सांगितलंय, माझं तेवढं वाचलं. नावाप्रमाणं माझं काम गाई-म्हशींचं, पण ग्लायडर अधूनमधून येतात आणि बहुतेक एकाच तक्रारीनं येतात: मागचे पाय ओढतोय. पिंजऱ्यातून पडला असेल, असं मालक म्हणतो. बऱ्याचदा कारण खाण्यात असतं. कॅल्शियम कमी आणि फॉस्फरस जास्त झालं की हाडं पोकळ होतात. प्रमाण दोनास एक असावं. नुसत्या केळी-सफरचंदावर आणि मॅगीच्या मसाल्यासारख्या विकतच्या पुड्यांवर भागत नाही. चॉकलेट, कांदा, लसूण पूर्ण बंद. ऊस-गुळाच्या गावात राहतो म्हणून रोज उसाचा रस पाजू नका. रानात तो झाडाचा रस आणि डिंक खातो हे खरं, पण किडेही भरपूर खातो.

थंडीचं ताईंकडून राहिलं. साताऱ्यात डिसेंबर-जानेवारीत पहाटे पारा बऱ्याचदा बारा-तेराच्या खाली जातो. ह्या प्राण्याला 24 ते 27 डिग्री मानवतं. फार गारठला की शरीर बंद केल्यासारखा पडून राहतो, अंग थंड, हाक मारली तरी हलत नाही. लोक मेला समजतात. घाईनं शेकू नका, गरम पाण्याची पिशवी थेट लावू नका. शर्टाच्या आत अंगाशी धरा, हळूहळू येतो. सिरॅमिकचा हीटर लावायचा असेल तर पिंजऱ्याच्या बाहेरून आणि एकाच बाजूला, म्हणजे नको असेल तेव्हा त्याला दुसरीकडं सरकता येतं. उन्हाळ्यात 32 च्या वर त्रास होतो, तेव्हा कूलरचा झोत सरळ अंगावर सोडू नका, खोली गार ठेवा.

जोडी नर-मादी आहे तर नराचं खच्चीकरण आधी ठरवा. गर्भ फक्त 16 दिवसांचा, पुढची वाढ आईच्या पोटाच्या पिशवीत दोन महिने. तुम्हाला कळेपर्यंत पिल्लू जाळीला लटकलेलं असतं. पण एकटा मात्र ठेवू नका. कळपातला प्राणी आहे, एकटेपणात स्वतःचे केस उपटतो, शेपटी चावून घेतो. लहान प्राणी बघणारा डॉक्टर प्राणी आणण्याआधी शोधा. आपल्याच जिल्ह्यात शिरवळला क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, तिथं विचारून ठेवा.

जंगलवाट (पाटण)

राग मानू नका, पण ऑस्ट्रेलिया आणि न्यू गिनीतला निशाचर प्राणी आपण हॉलच्या कोपऱ्यात कशासाठी आणतोय? नीट सांभाळला तर दहा-बारा वर्षं जगतो. बहीण शिकायला बाहेरगावी गेली की रात्री वाट्या कोण लावणार? आई?

आणि एक सावधगिरी. कोयनेच्या रानात शेकरू आहे, उडणारी खार आहे, दोन्ही कायद्यानं संरक्षित. ग्लायडर खार नाहीच, कांगारूसारखा पिशवीवाला प्राणी आहे. पण फोटोखाली कुणी हौसेनं "उडती खार पाळली" असं लिहिलं की वनखात्याचा माणूस दारात आलाच समजा. विक्रेत्याकडून प्राण्याचं नाव लिहिलेलं पक्कं बिल घ्या. बिल देत नसेल तर प्राणीही घेऊ नका.

गावभागातली (सांगली)

जंगलवाट, मला पटतं हे. माझ्याकडं कुणी ग्लायडर घेऊ का म्हणून विचारायला आलं तर मी नाहीच म्हणते. पण शाहूपुरीकरांनी घ्यावा का असं विचारलंच नाही, ठरलंय म्हणतायत. ठरलंच असेल तर निदान त्या दीड फुटी डब्यात नको, एवढंच माझं.

शाहूपुरीकर (सातारा)

ताई, डॉक्टर, सगळ्यांचे आभार. जंगलवाट यांचा प्रश्न बहिणीला वाचून दाखवला. ती अकरावीत आहे. जरा वेळ गप्प बसली आणि मग म्हणाली, दादा तू आहेस की. म्हणजे आलं माझ्याच गळ्यात. मी घरूनच काम करतो, रात्री उशिरापर्यंत जागाच असतो, त्यामुळं वाट्या लावणं जमेल. विक्रेत्याला बिलाचं विचारलं तर आधी "त्याला काय बिल लागतंय" म्हणाला, आता देतो म्हणतोय. बघू, हातात आल्यावर खरं.

पिंजऱ्यासाठी कोरेगाव रोडला एका ग्रिलवाल्याशी बोललो. अडीच बाय दोन, उंची पाच, दोन भागांत. काळी जाळी म्हटल्यावर तो म्हणाला, "गंजंल की ओ!" मग त्याला कोटिंगचा क्रम समजावला, तेव्हा पटलं. आईनं हॉलचा कोपरा मंजूर केलाय, तिच्या खोलीपासून लांबचा. तिचं म्हणणं एवढंच की भिंतीवर डाग नकोत. म्हणून मागच्या बाजूला जाळीऐवजी प्लायवूड ठोकलं तर? भिंतही वाचेल आणि ऊबही राहील.

बाळू_कोरेगाव

तो फ्री पिंजरा तुम्ही नेत नसाल तर मला आणून द्या, लव्हबर्ड्सची पिल्लं झाल्यात.

गावभागातली (सांगली)

प्लाय नको. लघवी पिऊन फुगतं, मग वास कशानंच जात नाही, आणि कडा कुरतडून भुगा करतात. मागंही जाळीच ठेवा आणि तिच्या बाहेरून, भिंतीच्या बाजूला, अ‍ॅक्रिलिकची शीट अडकवा. चार हुकांवर असू दे, म्हणजे काढून मोरीत धुता येते. दोन्ही बाजूंनाही अर्ध्या उंचीपर्यंत लावा. फळाचा रस चोखून चोथा लांब थुंकतात, आईंचा डाग मागं कमी आणि बाजूला जास्त पडणार आहे.

ग्रिलवाल्याला अजून दोन गोष्टी सांगा. जाळीची कापलेली टोकं फ्रेमच्या बाहेरच्या अंगाला यायला हवीत, आत आली तर अंगाच्या बाजूचं ते ताणायचं कातडं फाटतं. ग्राइंडिंग झाल्यावर स्वतः आतून हात फिरवून बघा, त्याच्या शब्दावर जाऊ नका. आणि दारं, कडी, ट्रे, दोन भागांचे बोल्ट सगळं कोटिंगला पाठवायच्या आधी एकदा जोडून बघा, दोन सुताची, म्हणजे पाव इंचाची, ढील ठेवूनच. थर चढला की जागा कमी होते, आणि मग घट्ट बसणारं दार कानस मारून बसवतात. कानस मारली की तिथलं कोटिंग गेलंच.